पॅडला जात नसते

शेंद्र्यातून वरात निघाली की आधी ढोलकी ऐकू येते, मग संबळ, मग हलगी. पुढे जाऊन बघितलं तर टेम्पोवर यातलं एकही वाद्य नसतं. स्टँडवर आठ चौकोनांचा एक काळा पॅड असतो, त्याच्यामागे दोन काठ्या घेतलेला एक पोरगा, शेजारी कीबोर्डवाला आणि मागे धडधडणारा जनरेटर. ढोलकी, संबळ, हलगी हे सगळं त्या पॅडच्या पोटात असतं.

हा पॅड म्हणजे ऑक्टोपॅड. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात शाळकरी पोरालाही तो ओळखता येतो. पण संगीताचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत हार्मोनियम सापडते, तबला सापडतो, सारंगी सापडते. ऑक्टोपॅड सापडत नाही. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशा पथकांवर लेख येतात, पॅडवाल्यावर येत नाहीत. जणू तो मंडपवाल्याच्या सामानातला एक डाग आहे: खुर्च्या, पंखे, स्पीकर, पॅड.

मला हा इतिहास लिहावासा वाटतो, कारण तो फक्त यंत्रांचा नाही. कुणी काय वाजवायचं हे आपल्याकडे बऱ्याच अंशी जन्मावरून ठरायचं. या यंत्रांनी त्यात ढवळाढवळ केली. ती कशी झाली आणि तिची किंमत कुणी मोजली, हे नीट बघायला हवं.

टाइपरायटरची बटणं, कॅल्क्युलेटरची कंपनी

सुरुवात बेंजोपासून करू. बेंजो पार्टी म्हटलं की डोळ्यांसमोर मुंबईची चाळ आणि कोकणातली मिरवणूक येते. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये त्यावर अख्खा हिंदी सिनेमा काढला. पण हा बेंजो आणि अमेरिकेतला बँजो यांचं नात्यागोत्याचं काही नाही. आपला बेंजो जपानचा. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने तारांच्या वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं बसवली. त्याच वर्षी जपानमध्ये तैशो राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्याचं नाव पडलं तैशोगोतो. बोटांनी तार दाबून सूर शोधायची गरज नाही. बटण दाबलं की सूर जागेवर मिळतो. हे वाद्य भारतात आलं, बुलबुल तरंग झालं आणि महाराष्ट्रात बेंजो झालं. पुढे त्याला पिकअप लागला, वायर लागली, अँप्लिफायर लागला आणि ते रस्त्यावर उतरलं.

दुसरं वाद्य कॅसिओ. ही कंपनी मुळात कॅल्क्युलेटर बनवणारी. तिने १९८० मध्ये पहिला कीबोर्ड बाजारात आणला आणि काही वर्षांतच आपल्याकडे 'कॅसिओ' हे सामान्यनाम झालं. समोर यामाहा असो की कॉर्ग, वाजवणारा कॅसिओवालाच. या छोट्या कीबोर्डांमध्ये तयार ठेके भरलेले असायचे. एक बटण दाबलं की ठेका सुरू, मग डाव्या हाताने कॉर्ड, उजव्या हाताने गाणं. अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम एका माणसाकडे आलं.

त्या तयार ठेक्यांमध्ये किती ताकद होती याचा एक किस्सा जमैकाचा आहे. कॅसिओच्या एमटी-४० या १९८१ च्या कीबोर्डमध्ये 'रॉक' नावाचा एक ठेका होता. तो बनवला होता ओकुदा हिरोको या कंपनीत नुकत्याच लागलेल्या तरुणीने. १९८५ मध्ये जमैकातल्या पोरांनी तो ठेका थोडा सावकाश केला आणि त्यावर गाणं रचलं. त्यातून तिथल्या रेगे संगीताचा नूरच पालटला. जपानमधल्या एका ऑफिसात बसून केलेलं काम हजारो मैलांवरच्या एका बेटाचं लोकसंगीत बनलं.

हे ऐकून 'पण आपली संस्कृती वेगळी' असं कुणी म्हणेल, तर त्याच्यासमोर हार्मोनियम ठेवायची. पेटीशिवाय भजन नाही, कीर्तन नाही, नाट्यसंगीत नाही. तीच पेटी फ्रान्समधून आलेली, १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये पेटंट झालेली. आकाशवाणीने तर ती परकी आणि आपल्या श्रुतींना न मानवणारी म्हणून १९४० मध्ये बंद केली. बंदी उठायला १९७१ उजाडलं. शेंद्रा ज्या जालना रस्त्यावर आहे, तोच रस्ता धरून पुढे गेलं की जालना लागतं. त्या भागातले अप्पा जळगावकर याच 'परक्या' पेटीवर देशातल्या मोठमोठ्या गायकांची साथ करत मोठे झाले. वाद्य कुठून आलं यावरून ते कुणाचं हे ठरत नाही. ते कुणाच्या हातात किती वर्षं राहिलं, यावरून ठरतं.

मुंबई, १९८२

यंत्रांचा संगीतातला प्रवेश भारतात दोन दारांनी झाला. एक दार संस्थेचं होतं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी एक मूग सिंथेसायझर बसवला. भिंतीएवढं, वायरींच्या जंजाळाचं ते यंत्र. गीता साराभाई आणि इतर काही जणांनी त्यावर तीनेक वर्षं प्रयोग केले. मग ते काम थांबलं, टेपा कपाटात गेल्या आणि पन्नास वर्षांनी बाहेर आल्या.

दुसरं दार धंद्याचं होतं. मुंबईच्या सिनेसंगीतातल्या वादकांना रोज काहीतरी नवा आवाज हवा असायचा, कारण संगीतकाराला तो हवा असायचा. केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकाने सत्तरच्या दशकात स्वतः मिनीमूग आणला आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवला. परवाने आणि आयातकराच्या त्या काळात असं वाद्य मिळवणं म्हणजे परदेशी जाणाऱ्या ओळखीच्या माणसाची विनवणी करणं किंवा स्वतः जाऊन बॅगेतून आणणं.

चरणजीत सिंग हे याच दुनियेतले. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार वाजवणारे, नव्या वाद्यांचा शौक असलेले. त्यांनी सिंगापूरहून रोलँड या जपानी कंपनीची यंत्रं आणली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचा आवाज काढणारं छोटं यंत्र आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन. ३०३ आणि ८०८ एका वायरने जोडली की दोन्ही एका लयीत चालतात. त्यांच्या वर ज्युपिटरवर राग वाजवायचा, अशी त्यांची कल्पना. १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी त्यांनी अशी एक रेकॉर्ड केली. नाव होतं 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, खाली डिस्कोचा ठोका.

रेकॉर्ड चालली नाही. रागवाल्यांना ती खेळ वाटली, डिस्कोवाल्यांना गाणं हवं होतं. चरणजीत सिंग आपल्या कामाला लागले.

२००२ मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात ही रेकॉर्ड सापडली. ऐकून तो चक्रावला, कारण त्यात त्याला ॲसिड हाउस ऐकू येत होतं. ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार शिकागोत १९८७ च्या आसपास जन्मला असं जग मानत होतं, आणि ही रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची, तीही मुंबईची. बाउमनने चरणजीत सिंगांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा प्रकाशित केली. काहींना ही कुणीतरी केलेली थट्टा वाटली, इतकं ते अविश्वसनीय होतं. सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग मग युरोपातल्या मंचांवर तरुण पोरांसमोर वाजवायला गेले. २०१५ मध्ये ते गेले.

शिकागोच्या पोरांपर्यंत हे यंत्र वेगळ्याच वाटेने पोचलं होतं. ३०३ बनवलं होतं एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ते नापास झालं. सेकंडहँड दुकानांत पडेल भावाने मिळायला लागलं आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्या हातात पडलं. त्यांनी त्याची बटणं पिळून पिळून जो किंचाळणारा, घसरणारा आवाज काढला, तो बेस गिटारचा अजिबात नव्हता. मुंबईत चरणजीत सिंगांनी त्याच यंत्राच्या सुरावरून सुरावर घसरण्यात मींड ऐकली होती.

रिजेक्शनचा माल

८०८ ची गोष्ट शेंद्र्यातल्या कुठल्याही कामगाराला लगेच कळेल, कारण ती रिजेक्शनची आहे.

रोलँड कंपनी काकेहाशी इकुतारो यांनी १९७२ मध्ये ओसाकात काढली. १९८० मध्ये त्यांनी ८०८ बाजारात आणलं. त्या वेळी खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं एलएम-१ नावाचं अमेरिकन यंत्र होतं, पण त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. ८०८ ची किंमत ११९५ डॉलर. ते स्वस्त होतं, कारण त्यात रेकॉर्ड केलेलं काहीच नव्हतं. सगळे आवाज सर्किटमधून तयार व्हायचे. घंटेला टोला मारला की ती काही वेळ घुमत राहते, तसं एका सर्किटला विजेचा क्षणभराचा धक्का द्यायचा. ते घुमत घुमत विझतं, तो झाला बास ड्रम. सहा वेगवेगळ्या कंपनांचा गोंधळ एकत्र करून गाळला की झाली झांज.

काकेहाशींनी नंतर सांगितलं की ८०८ मधला तो खास सळसळता आवाज सदोष ट्रान्झिस्टरमुळे यायचा. तपासणीत नापास झालेले, एरवी फेकून दिले जातील असे ट्रान्झिस्टर त्यांनी मुद्दाम घेतले होते. मग अर्धवाहक बनवण्याचं तंत्र सुधारलं, नापास माल निघेनासा झाला आणि ८०८ बनवणंच थांबलं. १९८३ पर्यंत साधारण १२,००० यंत्रं निघाली होती.

त्या वेळी अनेकांना त्याचा आवाज खोटा वाटायचा. खरा ड्रम असा वाजत नाही, अशी तक्रार होती आणि ती बरोबरही होती. म्हणूनच तेही सेकंडहँड बाजारात गेलं आणि न्यूयॉर्कच्या, शिकागोच्या, डेट्रॉइटच्या काळ्या तरुणांना परवडायला लागलं. १९८२ मध्ये आफ्रिका बंबाटाच्या 'प्लॅनेट रॉक' मध्ये ते वाजलं आणि हिपहॉपला एक नवा पाया मिळाला. आज तुमच्या फोनवर वाजणाऱ्या मराठी रॅपमधला छाती हलवणारा बेस हा त्याच ८०८ चा वारस आहे. पोरं त्या बेसला नुसतं 'एट-ओ-एट' म्हणतात.

डेट्रॉइटचं नाव मी मुद्दाम घेतलं. ते मोटारींचं शहर. तिथल्या मोटाउन या प्रसिद्ध रेकॉर्ड कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी आधी मोटारींच्या असेंब्ली लाइनवर कामाला होते आणि गाणीही त्याच पद्धतीने, टप्प्याटप्प्याने तयार करायची ही कल्पना त्यांनी तिथूनच उचलली. पुढच्या पिढीतल्या ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन साँडरसन यांनी ड्रम मशीन आणि सिंथेसायझर घेऊन टेक्नो उभं केलं. शेंद्राही मोटारींचं गाव आहे. २००१ पासून इथे स्कोडाच्या गाड्या तयार होतात, आजूबाजूला त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांची रांग आहे आणि आता ऑरिकचे रुंद रस्ते आले आहेत. प्रेस शॉपमध्ये आठ तास उभं राहिलेल्या माणसाला सारखा पडणारा ठोका म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. माझ्या ओळखीचा एक पॅडवाला दिवसा अशाच एका कारखान्यात शिफ्ट करतो आणि लग्नसराईत रात्री वाजवतो. त्याच्या मते दोन्ही कामांत एकच गोष्ट सांभाळायची असते: हात आणि ठोका यांच्यात अंतर पडू द्यायचं नाही.

आवाज नसलेलं वाद्य

पहिला ऑक्टोपॅड रोलँडने १९८५ मध्ये आणला. नाव पॅड-८. गंमत म्हणजे त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. दोन वर्षं आधी, १९८३ मध्ये, मिडी नावाची पद्धत ठरली होती. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका वायरवरून एकमेकांशी बोलू शकतील अशी ती सामाईक भाषा. ती ठरवण्यात काकेहाशी पुढे होते. पॅड-८ वर काठी मारली की तो फक्त एवढंच सांगायचा, की अमुक पॅडवर इतक्या जोरात मारलं. आवाज काढायचं काम दुसऱ्या यंत्राचं.

पुढच्या मॉडेलांमध्ये आवाज आत आले. १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये ७०० आवाज होते आणि हेच मॉडेल आपल्याकडे रुजलं. आठ पॅड आहेत म्हणून आठच आवाज, असं नव्हतं. एका पॅडवर दोन आवाज चढवता येतात, त्यांचा सूर खालीवर करता येतो, हळू मारलं तर एक आणि जोरात मारलं तर दुसरा असं ठरवता येतं. आपल्या वादकांनी हेच केलं. जपानी इंजिनिअरने तिसऱ्याच कामासाठी दिलेला आवाज घ्यायचा, सूर उतरवायचा, त्याच्यावर दुसरा चढवायचा आणि त्यातून संबळ जमवायची. या जमवलेल्या आवाजांना सगळे 'टोन' म्हणतात. चांगला टोन असलेल्या पॅडवाल्याला मागणी असते. टोन उसने दिले जातात, विकले जातात, लपवलेही जातात. पूर्वी उस्ताद एखादा कायदा शिष्याला लवकर सांगत नसे, तसंच हे.

नंतर एसपीडी-एसएक्ससारखे पॅड आले, ज्यांत स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज भरता येतो. मग खरी हलगी रेकॉर्ड करून पॅडमध्ये घातली जाऊ लागली.

आणि या सगळ्यावर इको. गायकाचा शेवटचा शब्द तीनदा परत ऐकू आला नाही तर कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही. हा इकोही आधी टेपवर चालायचा. रोलँडच्याच १९७४ च्या स्पेस इकोमध्ये टेपचं एक वेटोळं फिरत राहायचं; एक हेड आवाज नोंदवायचं, पुढची हेडं तो थोड्या थोड्या उशिराने वाजवायची. मग तेच काम एका बोटभर चिपवर आलं. तैवानमध्ये बनलेली पीटी२३९९ ही चिप जगभरच्या कराओके मशिनांमध्ये गेली आणि इको सगळ्यांना परवडायला लागला.

हलगी कुणी वाजवायची

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

शेंद्र्यात चैत्रात मांगीरबाबांची यात्रा भरते. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. यात्रा म्हटलं की हलगी आली. गोल कडं, त्यावर ताणलेलं कातडं, एक लांब बारीक काडी आणि एक आखूड. वाजवण्याआधी जाळावर शेकायची, मग तिचा आवाज कडक होतो. फार साधं दिसणारं आणि फार अवघड वाद्य.

पण गावगाड्यात हलगी हे नुसतं वाद्य नव्हतं, ते काम होतं. ठरलेल्या जातींनी करायचं. दवंडी असो, देवाची पालखी असो, लग्न असो की मयत, गावाने बोलावलं की जायचं आणि जे मिळेल ते घ्यायचं. कातड्याचा विटाळ आणि कातड्याच्या वाद्यावर नाचण्याची हौस, दोन्ही एकाच गावात सुखाने नांदत. देवळापुढे हलगी वाजायची, देवळात हलगीवाला जायचा नाही. बाकीच्या वाद्यांचंही तसंच होतं. सनई-चौघडा कुणाचा, संबळ कुणाची, तमाशातली ढोलकी कुणाची, हे गावाला विचारावं लागत नसे.

डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची लादलेली कामं सोडायला सांगितलं. १९५६ च्या धर्मांतरानंतर असंख्य कुटुंबांनी ती सोडली, त्यात वाजवणंही सुटलं. हा निर्णय सोपा नव्हता. काम सोडलं म्हणून बहिष्कार पडले, मारहाणी झाल्या. शिवाय कला हातातून जाणार होती. पण अपमानासकट येणारी कला नको, असं त्यांनी ठरवलं.

गाणं मात्र थांबलं नाही. वामनदादा कर्डकांपासून पुढे भीमगीतांची मोठी परंपरा उभी राहिली. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या. रेकॉर्ड काढायला मोठी कंपनी लागायची, कॅसेटला छोटी पुरायची. प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्यानंतर आनंद व मिलिंद शिंदे यांचा आवाज एसटी स्टँडपासून पानटपरीपर्यंत पोचला. त्या काळातच, १९७८ ते १९९४, संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या नामांतराची लढाई चालू होती. घरं जळत होती आणि गाणीही लिहिली जात होती.

या गाण्यांना साथ करायला पॅड आणि कीबोर्ड आले, तेव्हा एक गोष्ट घडली जिची फारशी नोंद झालेली नाही. ऑक्टोपॅड रबराचा होता. त्याला कातडं नव्हतं. तो कुठल्याही बलुत्यात लिहिलेला नव्हता. पॅड वाजवणाऱ्या पोराला 'तू अमक्याचा, तुझं कामच आहे' असं म्हणायची सोय गावाला उरली नाही. तो सुपारी घेऊन, पैसे ठरवून, ॲडव्हान्स घेऊन येतो. टेम्पोतून उतरतो तो आर्टिस्ट म्हणून. आणि त्याच पॅडमधून तो हलगी वाजवतो. आजोबांनी जी ठेवून दिली, तिचा बाज नातवाच्या काठीतून निघतो, पण आता ती वाजवणं ही त्याची निवड असते.

पॅडमुळे जात गेली असं मी म्हणत नाही. कुणाच्या वरातीने कोणत्या रस्त्याने जायचं, कुठलं गाणं कुणाच्या दारासमोर वाजवायचं यावरून आजही डोकी फुटतात. पण वाद्य आणि जन्म यांची गाठ एका जागी सुटली, आणि ती सोडवायला एक परकी, रबरी, 'खोटी' वस्तू कामाला आली.

किंमत

याची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. पॅडवाल्याने चार माणसांचं काम घेतलं. ढोलकीवाला, संबळवाला, ताशावाला आणि खंजिरीवाला यांच्या जागी एकच सुपारी. मुंबईत तर हे आधीच झालं होतं. ज्या केरसी लॉर्ड आणि चरणजीत सिंगांनी सिंथेसायझर आणले, ते स्वतः मोठ्या वाद्यवृंदांत वाढलेले होते. त्याच यंत्रांच्या पुढच्या पिढ्यांनी नव्वदच्या दशकात शंभर-शंभर वादकांचे ते वाद्यवृंद संपवले.

शास्त्रीय संगीताने यंत्र घेतलं, पण मर्यादा घालून. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, मग तबल्याचे ठेके वाजवणारं यंत्रही आलं. आता दोन्ही ॲपमध्ये आहेत. रियाज करणाऱ्याला मोठी सोय झाली. पण मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्यापासून तंबोरा घडवणाऱ्या कारागिरांचं काय? २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मान मिळाला हे चांगलंच, पण मानांकनाने गिऱ्हाईक येतंच असं नाही.

आवाजातही काही जातं. ढोलकीच्या डाव्या पुडीवर तळहात दाबत सरकवला की जो घिस्सा निघतो, तो पॅडवर नीट येत नाही. पॅडला मारणं कळतं, दाबून सरकणं कळत नाही. शेकल्यावर चढणारी आणि तासाभराने उतरणारी हलगी पॅडमध्ये कायम एकाच तापमानाची असते. आणि लाइट गेली, जनरेटर बंद पडला की पॅडवाला हात बांधून उभा राहतो.

आता पॅडवाल्याची पाळी आहे. डीजे पेन ड्राइव्ह घेऊन येतो, त्याला पॅडवालाही लागत नाही. जो चार जणांच्या पोटावर आला होता, त्याच्या पोटावर पाचवा आला.

सोळा चौकोन

८०८ च्या समोरच्या बाजूला सोळा बटणांची एक रांग होती. लाल, नारिंगी, पिवळी, पांढरी; चार रंग, प्रत्येकी चार. जिथे ठोका हवा ते बटण दाबायचं. रांग पहिल्या बटणापासून सोळाव्यापर्यंत धावते आणि पुन्हा पहिल्यावर येते. सोळा घरं, चार-चारचे चार भाग, शेवटून पुन्हा समेवर. तीनताल शिकलेल्या माणसाला हे चित्र बघून हसू येईल.

१९९७ मध्ये बेल्जियममधून फ्रूटीलूप्स नावाचं सॉफ्टवेअर आलं, आजचं एफएल स्टुडिओ. त्याच्या पहिल्याच पडद्यावर तीच सोळा चौकोनांची रांग आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी डीजेंची रिमिक्स याच चौकोनांत तयार होतात आणि त्याची छोटी आवृत्ती फोनवरही चालते. म्हणजे ११९५ डॉलरचं यंत्र आज तुमच्या खिशात आहे. ऑडिओ रेकॉर्डरही आहे. गावातल्या म्हाताऱ्याची हलगी रेकॉर्ड करून त्या चौकोनांत बसवायला आता स्टुडिओ लागत नाही.

फक्त एक गोष्ट करा: नाव लिहा. चरणजीत सिंग वीस वर्षांनी सापडले, कारण रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांचं नाव छापलेलं होतं. आपल्या कॅसेटींवर गायकाचं नाव असायचं, गीतकाराचं असायचं, कंपनीचं तर मोठ्ठं असायचं. पॅडवाल्याचं सहसा नसायचं. ज्यांनी जपानी रबरातून मराठी संबळ काढली, त्यांतले बहुतेक जण अजून हयात आहेत, कुणी शिफ्टला जातात, कुणाचं मोबाइलचं दुकान आहे. व्हिडिओ टाकताना खाली चार ओळींची जागा असते. वाजवणाऱ्याचं नाव, गाव, साल आणि कुठल्या पॅडवर वाजवलं, एवढं लिहायला एक मिनिट लागतं. पुढे कुणाला हा इतिहास लिहायचा झाला, तर त्याला निदान माणूस शोधता येईल.